वाढत्या अंगाचं माप

मला माणसांत उभं केलं ते रंगनाथ मास्तरांनी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्यांची एक चूक सांगायची आहे, आणि त्या चुकीत माझाही हात आहे. चूक आधी ऐकली तर तुम्ही त्यांना तेवढ्याच मापात बसवाल, अशी मला भीती वाटते. मला भीती लवकर वाटते. मास्तर म्हणायचे, "वनिता, तू सुईत दोरा ओवतानासुद्धा देवाचं नाव घेतीस का गं?"

मास्तर टेलर. नाशिकला त्र्यंबक रोडच्या आतल्या बाजूला, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं दुकान. गिरणीमुळे त्यांच्या चष्म्यावर कायम पिठाची साय असायची. शिकाऊ फौजदारांच्या वर्द्या आणि शाळेचे युनिफॉर्म ही दुकानाची मुख्य कामं. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, मास्तर दर खेपेला नव्यानं माप घेत. "मागच्याच मापाचं शिवा," असं कुणी म्हटलं की गळ्यातला टेप काढत म्हणायचे, "मागच्या मापाचा माणूस मागंच राहिला, साहेब. आता जो आलाय त्याला उभं राहू द्या." पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या तरण्या फौजदाराच्या पाठीवर हलकी थाप मारायचे. "सोडा श्वास. माझ्यापुढं कशाला लपवता? जेवायला बसल्यावर बटण बोंब मारंल."

मग ते आकडा बोलायचे आणि मी वहीत लिहायची. पाव इंचाचीही सूट नाही. "टेप खोटं बोलत नाय," ते म्हणायचे, "बोललाच तर टेप धरणारा बोलतो."

मी वाशीमकडची. माझे बाबा गावच्या ग्रामपंचायतीत शिपाई. खुर्चीवर बसून सह्या करणाऱ्या माणसांना त्यांनी जन्मभर पाणी दिलं. त्यामुळे असेल, मला शिक्षिका करायचं त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. मला ते नावानं हाक मारत नसत. सगळ्या गावादेखत म्हणायचे, "आमच्या मॅडम कुठं हायेत?" लहानपणी मला त्याचा केवढा तोरा होता! पुढं मात्र ती हाक ऐकली की मी मागच्या दारानं बाहेर पडायला लागले. आकड्यांनी मला कधी छळलं नाही, वाक्यांनी छळलं. एक ओळ वाचताना खालची ओळ वर यायची, अक्षरं एकमेकांच्या जागी जाऊन बसायची. नववीत मी नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. निकालाच्या दिवशी बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, अजून एक डाव." रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या सुट्टीत चार दिवसांसाठी म्हणून नाशिकला मावशीकडे आले ती परत गेलेच नाही. सातपूरला मावशीच्या खोलीत एक दिवस तिच्या फाटक्या पोलक्याला मी ठिगळ लावलं. मावशीनं ते उलटं-पालटं करून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला मास्तरांपुढं नेऊन उभं केलं. मास्तरांनी ते पोलकं उजेडात धरलं. मला वाटलं, कितवी शिकलीस विचारतील. त्यांनी विचारलं, "हे ठिगळ उभ्या धाग्याला लावायचं हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आडवं लावलं असतं तर ताणलं असतं."

मास्तर बायकोकडं वळून म्हणाले, "शोभा, चहा टाक. पोरगी कापड वाचती."

वाचते! माझ्याबद्दल हा शब्द त्याआधी कुणी वापरला नव्हता.

काज-बटणं, हातशिलाई, अस्तर मी पटपट शिकले, पण कात्री घ्यायची म्हटलं की हात थिजायचे. तीनतीनदा मापून, खुणा करून नुसती उभी राहायची. मास्तर शिलाई न थांबवता म्हणायचे, "आत मार्जिन कशाला सोडतात पोरी? माणूस चुकणार हे धरूनच सोडतात. घाल कात्री."

जूनमध्ये शाळेच्या युनिफॉर्मची गर्दी व्हायची. प्रत्येक आई पोराला पुढं ढकलत एकच वाक्य बोलायची, "मास्तर, जरा वाढत्या अंगाचं शिवा हं." या एका वाक्यावर मास्तर चिडायचे.

"पोरगं शाळेत आज जाणार का पुढच्या साली?"

"आजच की. पण लवकर वाढतात ना."

"मग वाढू द्या की. आत चार बोटं दुमड ठेवतो. वाढलं की या, उसवून देतो. पण आज त्याला त्याच्या मापाचं घालू द्या. मोठ्या मापात पोरगं कसं दिसतं बघितलंय का कधी? आपल्याच कपड्यात हरवल्यागत. बाह्यांतून हात शोधावे लागतात."

आया हसायच्या, मास्तरांचं म्हणणं मान्य करायच्या. मी कोपऱ्यात काज करता करता ऐकायची आणि मला वाटायचं, हे कुणीतरी माझ्या बाबांना सांगायला पाहिजे.

पण त्याच दुकानात, मागच्या भिंतीला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक वर्दी लटकत होती. खाकी शर्ट, खाकी पँट, खांद्यावर नुसत्या पट्ट्या. मास्तरांचा एकुलता एक मुलगा योगेश, त्याच्यासाठी शिवलेली. योगेशदादा सोळा वर्षांचा असताना शिवली होती म्हणे, वाढत्या अंगाची. मास्तरांनी उभ्या आयुष्यात वाढत्या अंगाचा शिवलेला तो एकच कपडा.

मास्तर मूळचे देवळ्याकडचे. तरुणपणी दुकान टाकलं तेव्हापासून गुडघ्यावर बसून फौजदारांच्या पँटींची उंची मापली. शोभाकाकू म्हणायच्या, "इतके साहेब यांच्या हातून झाले, पण घरचा एक काही होईना." दादाचं आधी पोलीस भरतीत शिपाई, मग खात्यातली परीक्षा देऊन फौजदार, असं ठरलेलं होतं. दादा पळायला चांगला होता, अभ्यास बेताचा. पण खरा जीव मशिनीत. दुकानातल्या तिन्ही मशिनी तोच खोलायचा. टाका सुटायला लागला की लांबूनच नुसता आवाज ऐकून म्हणायचा, "वनिता, शटल साफ कर, धागा अडकलाय." गल्लीच्या तोंडाशी रिक्षा स्टँड होता. तिथले लोक इंजिन कुरकुरलं की त्यालाच हाक मारायचे. मास्तर दिसले की तो हात पुसत परत यायचा.

अडचण एकच होती. दादा उंचीला कमी पडत होता. मास्तरांनी मागच्या अंगणात दोन खांबांना लोखंडी पाइप बांधला होता. दादा सकाळ-संध्याकाळ त्याला लोंबकळायचा. काकू हसून म्हणायच्या, "उतर रे बाबा, वाळत घातल्यागत दिसतोस." मास्तर हसत नसत. खाली उभं राहून मनातल्या मनात आकडे मोजत.

दर वाढदिवसाला ते दादाची उंची घेत. शिलाईचा टेप साठ इंचाचा, माणसाला अपुरा पडतो. म्हणून दादाला भिंतीला टेकवून टाचेपासून साठ इंचांपर्यंत मापायचं, तिथं भिंतीवर अंगठा दाबून धरायचा, आणि अंगठ्यापासून वर डोक्यापर्यंत पुन्हा टेप लावायचा. दादा एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा मी वही घेऊन शेजारीच उभी होते. मास्तरांनी साठला अंगठा धरला. टेप सोडून वर धरायला गेले आणि अंगठा खाली सरकला. दोन बोटं. फार नाही.

"पासष्ट," मास्तर म्हणाले.

मला दिसलं होतं. तीनतीनदा मापणारी मी, मला दिसणार नाही असं कसं होईल? मी मास्तरांकडं पाहिलं. ते भिंतीकडं बघत होते. मी पुन्हा विचारायला हवं होतं. एरवी पाव इंचाची शंका आली तरी विचारायची. त्या दिवशी विचारलं नाही. वाटलं, मी कोण विचारणारी? नववी नापास, त्यांच्या जिवावर जगणारी. मी 'पासष्ट' लिहिलं.

"बसतंय ना अण्णा?" दादानं वळून विचारलं.

"काठावर. पण बसतंय. तू पळायचं बघ."

त्यानं बाहेर कुठं उंची मापून घेतली नाही. कशाला घेईल? अख्खा त्र्यंबक रोड ज्याच्या मापावर डोळे मिटून विश्वास ठेवतो तो माणूस त्याच्या घरात होता.

भरती लवकर निघेना. जवळजवळ दोन वर्षं दादा पळत राहिला. रिक्षा स्टँडवर जायचंही त्यानं बंद केलं. एकदा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला होता, "झालो नाही तर अण्णा काय करतील गं?" मी म्हटलं, "होशील की." दुसरं काय म्हणणार होते?

मैदानावर बोलावलं त्या दिवशी तो पहाटे गेला आणि दहा वाजता परत आला. आम्हाला वाटलं होतं संध्याकाळ होईल. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दादा दारातच उभा राहिला.

"पळणं झालं इतक्यात?" मास्तरांनी विचारलं.

"पळू दिलं नाही. पहिल्याच टेबलावर उंची. दोन बोटं कमी."

"परत मापायला सांगायचं होतं!"

"सांगितलं. म्हणालो, माझे वडील टेलर आहेत, त्यांनी स्वतः मापलीय. हसले सगळे. परत मापलं. तेवढीच." दादा आवाज चढवत नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "अण्णा, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

मास्तर गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं मुठीत धरून उभे राहिले. दादानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"मी नापास झालो असतो तरी चाललं असतं," दादा म्हणाला. "पळताना मागं पडलो असतो, तरी चाललं असतं. पण मला मापायचंच नव्हतं तुम्हाला." त्या आठवड्यातच तो मालेगावला मामाकडे गेला. तिथं भाड्यानं रिक्षा चालवायला लागला असं काकूंकडून कळलं. काकूंच्या फोनवर तो बोलायचा. "अण्णांना देऊ का?" असं त्यांनी विचारलं की फोन बंद व्हायचा.

त्यानंतर मास्तर दुकानात आकडे बोलायचे, बाकी नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "मास्तर, मला दिसलं होतं. मी बोलले असते तर..." त्यांनी मशीन थांबवली. घरात नवरा-बायको अहिराणी बोलत, माझ्याशी कधी नाही. त्या दिवशी माझ्याकडं न बघता म्हणाले, "मन्हंच चुकनं." माझंच चुकलं. मग पुन्हा पायडल मारायला लागले.

दिवाळी झाल्यावर माझे बाबा आले. आधी न कळवता, एस्टीनं रात्रभर बसून. शर्टाची कॉलर झिजून फाटलेली, हातात पिशवी, पिशवीत बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले, "चाला मॅडम. तुमाले घ्याले आलो."

माझ्या हातातलं काज तिथंच राहिलं. मास्तर उठले. बाबांना पाणी दिलं. बाबा उभ्यानं प्यायला लागले. त्यांना पाणी द्यायची सवय, घ्यायची नाही. मास्तर म्हणाले, "नेताल की भाऊ. त्याआधी शर्टाचं माप देता का? ही कॉलर आता परत उलटवायच्या लायकीची नाय राहिली."

बाबा संकोचले, पण उभे राहिले. मास्तर मापायला लागले, मी वहीत लिहायला लागले. मान. छाती. खांद्यापाशी मास्तर थांबले.

"एक खांदा उतरलाय तुमचा."

"जन्मभर पान्याची बादली उचलली त्याच हातानं."

"मग दोन्ही खांदे वेगळे लिही वनिता. सारखे लिहिले तर शर्ट यांना रोज आठवण करून दील." मग टेप गळ्यात टाकून म्हणाले, "भाऊ, एक सांगू? मी पोराचं माप खोटं घेतलं. वर्दी शिवून बसलो होतो ना, मग पोराला वर्दीच्या मापाचं करायला लागलो. तो दोन वर्षं माझ्या खोट्यावर पळला. आता वर्दी घरात हाय, पोरगं नाय."

बाबांनी पिशवी उचलून छातीशी धरली. मग म्हणाले, "पन मास्तर, तिनं काहीतरी व्हावं असं वाटनं चूक हाय का?"

"वाटणं चूक नाय हो. मला अजून वाटतं. पण पोर समोर उभं असल्यावर त्याच्याकडं बघून मापायचं, आपल्या वाटण्याकडं बघून नाय."

दोन दिवस बाबा मावशीकडे राहिले. तो शर्ट मास्तरांनी मलाच शिवायला लावला. तीनदा मापलं, खुणा केल्या आणि कात्री घातली. बाबांनी शर्ट हातात घेऊन आधी उलटा केला आणि आतली शिवण बोटानं चाचपत गेले, मी पुस्तकात ओळीवर बोट ठेवायची तसं. अंगात घातल्यावर दोन्ही खांदे सारखे दिसले. आरशासमोर ते जरा जास्तच वेळ उभे राहिले.

एस्टी स्टँडवर त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला, पुन्हा आत ठेवला. "ठेवतो जवळ. तुले कधी वाटलं त सांग," म्हणाले. त्यांना सगळं पटलं होतं असं मी म्हणणार नाही. पण गाडी हलताना खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "येतो वनिता." जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. स्टँडवर एवढी माणसं असताना मी रडले.

माझे बाबा मला मास्तरांनी मिळवून दिले. स्वतःचा मुलगा मात्र त्यांना मिळवता आला नाही.

उन्हाळ्यात मास्तर मालेगावला गेले. दुपारच्या गाडीनं परत आले, चपला काढून थेट मशिनीवर बसले. काकूंनी दोनदा विचारल्यावर बोलले. "स्टँडवर दिसला. खाकी शर्ट होता अंगात. रिक्षावाल्याचा. रेडिमेड. खांदे कोपरापर्यंत उतरलेत, शोभा. बाह्या दुमडून दुमडून घातल्यात." मग म्हणाले, "म्हटलं, माप दे, तुझ्या मापाचा शिवून देतो. तर म्हणाला, माझं माप तुमच्या वहीत लिहिलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची वर्दी काढली आणि ब्लेड घेऊन उसवायला बसले. एकेक टाका. कापडाला इजा होऊ न देता. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "राहू दे. घातले मी, काढतो मी." चार दिवस लागले. सुटे तुकडे त्यांनी धुतले, इस्त्री केले, घडी घातली. "मोठ्याचं लहान करता येतं," म्हणाले. "यात त्याचा रिक्षाचा शर्ट आरामात निघंल. फक्त तो उभा राहायला पाहिजे. अंदाजानं नाय शिवणार मी." वहीत 'पासष्ट'वर त्यांनी रेघ मारली आणि पुढं आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'माप घेणे बाकी.'

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मास्तर गेले. आधी डोळे गेले होते, मग किडनी. शेवटी शेवटी अंथरुणावर बोटांनी गोधडीची किनार मापत राहायचे. काकूंनी योगेशदादाला कळवलं, पण तो पोचला तेव्हा उशीर झाला होता.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर तो दुकानात आला. डोकं भादरलेलं, अंगात तोच ढगळ खाकी शर्ट. मी ती घडी त्याच्यापुढं ठेवली आणि वही उघडून दाखवली. रेघ मारलेला आकडा आणि त्यापुढचे तीन शब्द त्यानं वाचले. तो आकडा माझ्या अक्षरात होता. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मला दिसलं होतं. मी लिहायला नको होतं." त्यानं वही मिटून माझ्या हातात दिली. माझ्या गळ्यात टेप होता. मास्तरांसारखं 'उभा राहा' एवढं म्हणायचं होतं. पण टेप मी गळ्यातच राहू दिला.

जाताना त्यानं कापडावरून हात फिरवला. "कात्री लावलीस याला?"

"नाही."

"मग ठेव," म्हणाला, आणि पायरी उतरून गेला.

दुकान आता काकू आणि मी चालवतो. हे लिहायला मला कितीतरी दिवस लागले. एकेक ओळ काकूंना वाचून दाखवली, पुन्हा पुन्हा खोडली. ते खाकी कापड कपाटात वरच्या फळीवर आहे, कसर लागू नये म्हणून मधूनमधून ऊन दाखवते. आया अजूनही पोरं घेऊन येतात, वाढत्या अंगाचं शिवा म्हणतात. मी आत दुमड ठेवते आणि आजच्या मापाचं शिवते.

मास्तर, एक दिवस योगेशदादा येईल. येईल असं मी धरून चालते. त्या दिवशी मी त्याला त्याच भिंतीला टेकवून उभं करीन. साठ इंचांवर अंगठा धरीन आणि हलू देणार नाही. जे भरेल तेवढंच लिहीन, आणि तुमच्या त्या कापडाचा त्याच्या अंगाचा शर्ट शिवीन. तुमचे उपकार माझ्याकडून फिटायचे असतील तर ते तेवढ्यानंच फिटतील. तोवर वहीतली ती ओळ मी तशीच ठेवली आहे.